माड, मासळी आणि मांडव

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा दंडक आहे. नांगरलेल्या शेतातला भात नाही, गहू नाही. माणसानं हातानं खणून, टोकून, वेल चढवून जे पिकवलं तेवढंच त्या दिवशी पानात. कोकणात ही अट कुणाला जड जात नसे. भाद्रपदात मागलं दार उघडलं की अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, तवसं, भोपळा, सुरण, मक्याची कणसं असं सगळं हाताशी असायचं. आता याच ‘ऋषीच्या भाजी’चे वाटे गणपतीच्या दिवसांत बाजारात लागतात आणि त्यातला बराचसा माल घाट उतरून आलेला असतो. तो ट्रॅक्टरनं नांगरलेल्या रानातला असल्यामुळे बैलाला त्रास न देण्याचा नियम मात्र आपोआप पाळला जातो.

घरचं पिकवून खाण्याची कोकणातली ही जुनी रीत कशी उभी राहिली आणि कशी मोडली, हे पाहायला बुरोंडी सोयीची जागा आहे. दापोलीहून लाडघर-कोळथऱ्याच्या बाजूला उतरलं की हे मासेमारीचं बंदर लागतं. वर डोंगरावर अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा पर्यटकांना ठाऊक असतो. परशुरामानं समुद्र मागे हटवून ही भूमी मिळवली, असं कथा सांगते. मिळालेली जमीन कशी होती, याबद्दल मात्र ती गप्प आहे. वर जांभ्याचा कातळ, उतारावर पातळ मातीचं वरकस आणि खाली समुद्राला लागून रेताड, पोयट्याची एक चिंचोळी पट्टी. माड-पोफळीचं आगर फक्त या पट्टीवर होतं. मुरुड, आंजर्ले, केळशी ही गावं नावाजली ती तिच्याच जिवावर.

दापोलीच्या परिसरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जमीन तापत राहते. त्यामुळे इथे घराभोवती मुळात दोन वेगळ्या बागा होत्या. एक पावसाळ्यातलं परस, ज्याला पाणी घालावंच लागत नाही. दुसरं आगर, ज्याला दिवाळीपासून मृगापर्यंत शिंपावं लागतं. परस कुणब्याचंही होतं, खारव्याचंही होतं. आगर ज्याची विहीर त्याचं. आज ‘कोकणातली पारंपरिक बाग’ म्हणून जे चित्र रंगवलं जातं त्यात ही रेघ पुसून टाकलेली असते, आणि चित्र तिथेच खोटं पडतं.

परसाचा कारभार बहुतेक बायकांच्या हातात. रोहिणी-मृगाच्या सुमारास आळी करायची, तळाला राख नि शेणखत घालायचं, बी टोकायचं आणि वेल हातभर झाला की मांडवावर सोडायचा. मांडवाला बांबू, कुडाचे दांडे, जुनं जाळंही चाले. पडवळ लोंबायला लागलं की त्याच्या टोकाला सुतळीनं छोटा दगड बांधायचा, नाहीतर ते वेटोळं घालून बसतं. तवसं चांगलं जून झालं की दोरीच्या शिंकाळ्यात घालून आढ्याला टांगायचं. ते पुढे कितीतरी दिवस टिकतं आणि गूळ घालून त्याचं धोंडस होतं. बियाण्यासाठी राखलेल्या फळातल्या बिया शेणाच्या गोळ्यात कालवून भिंतीवर थापायच्या. दोडकी, दुधी तसेच चुलीवर धुरात वाळत ठेवायचे. धुरानं कीड लागत नाही, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ यावा लागला नाही. न्हाणीचं सांडपाणी जिथे जाई तिथे केळी आणि अळू. उन्हाळ्यात परसात दुसरं काही हिरवं नसलं तरी एवढा कोपरा हिरवा असे, कारण माणसं रोज आंघोळ करत होती.

या ‘आपल्या’ परसातली निम्मी मंडळी मुळातली इथली नव्हेत. मिरची, पपई, पेरू, अननस, रताळी, काजू हे सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगिजांच्या वेळी सोळाव्या शतकापासून पश्चिम किनाऱ्यावर उतरलेलं. ऋषीच्या भाजीतला लाल भोपळा आणि मका हेही तिथलेच. बुरोंडीच्या दक्षिणेला याच तालुक्यात दाभोळ आहे, बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. पोर्तुगिजांनी १५०८च्या अखेरीस ते जाळलं, माणसं कापली. पुढे त्यांच्याच व्यापाराच्या वाटांनी आलेली झाडं किनाऱ्यावरच्या आयाबायांनी मुकाट्यानं मागल्या दारी लावली आणि ऋषींच्या नावानं रांधली. धर्मशास्त्रानं याला कधी हरकत घेतल्याचं दिसत नाही.

आगराची कथा वेगळी. तिथे पाणी उपसायला रहाट होता. लाकडी चाकावर मातीच्या लोट्यांची माळ, लोटे विहिरीत बुडून वर येत आणि पन्हळीत रिकामे होत. पन्हळीतून दोणीत, दोणीतून पाटानं एकेका माडाच्या आळ्यात. रहाटाला रेडा किंवा बैल जुंपत; छोट्या विहिरीवर माणूस बसून हातापायांनी तो फिरवी. पाणी वर असलं तर आडव्या लाकडाला वजन बांधलेली ओकती पुरे. पहाटे अंधारात सुरू झालेली रहाटाची करकर ऊन चढेपर्यंत चाले. आठ महिने, रोज. माडाखाली पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, मध्ये केळ, जायफळ, कडेनं अननस अशी ही मजल्यामजल्यांची रचना आज अनेकांना फार सुंदर वाटते, आणि ती आहेही. पण ती उभी होती ती कुणीतरी रोज शिंपत होतं म्हणून, आणि तो शिंपणारा बऱ्याचदा मालक नसे.

डोंगरपाण्याच्या गावांना एवढा त्रास नव्हता. मुरुडच्या वरच्या अंगाला आसूदच्या बागा ओढ्याच्या वाहत्या पाटावर पोसल्या. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली आली आणि सुपारीच्या बागांचा हा मुलूख मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. पेंडसे याच भागातल्या मुर्डीचे. त्यांना या बागांमधली सावली जशी माहीत होती तशी तिथली भांडणंही.

खताचं गणित मात्र समुद्राशी बांधलेलं. किनाऱ्यावर माडाला मासळीचं खत घालायची पद्धत जुनी आहे. विकली न गेलेली, बारीक, खराब झालेली मासळी आळ्यात पुरायची. माड लावताना खड्ड्यात मीठ टाकायचं, म्हणजे वाळवी येत नाही. बंदराला नासलेली मासळी नकोशी आणि आगराला ती हवीशी, त्यामुळे बंदराची गावं आणि आगराची गावं एकमेकांना धरून राहिली. नारळी पौर्णिमेला दर्यात सोडला जाणारा नारळ याच देवघेवीतला, असं म्हटलं तर कुणी फार रागावू नये. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याकडे मासळी नव्हती. तो ऐन-किंजळीची कवळं तोडून, पालापाचोळा नि शेण पसरून, राब भाजून रोपं करायचा. सेंद्रिय हा शब्द त्याच्या तोंडी नव्हता. दुसरं काही मिळतच नव्हतं आणि जे होतं ते पुरेसंही नव्हतं. डोंगर त्यापायी बोडके होत गेले, हेही त्याच परंपरेच्या खात्यावर मांडायला हवं.

माडाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, मग तो साठ वर्षं देतो. दापोलीचा प्रदेश खोतीचा. पिकाचा वाटा खोताला घालून जमीन कसणारा कुणबी असं झाड कशाच्या भरवशावर लावणार? तो वेल लावी, जो चार महिन्यांत हिशोब पुरा करतो. ज्या बाबासाहेब आंबेडकरांचं बालपण काही काळ दापोलीच्या कॅम्पात गेलं, त्यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. ती कायद्यानं संपायला मात्र १९४९ उजाडावं लागलं.

तोवर माणसं गेली होती. गिरण्या, गोद्या, घरकाम. रत्नागिरी जिल्ह्याचा तरुण बोटीत बसून मुंबईला गेला आणि मनीऑर्डर घरी येऊ लागली. पहाटे रहाटावर बसणारे पाय परळ-लालबागला चालू लागले. पुढे ऑइल इंजिन आलं, विजेचा पंप आला आणि पाण्याचा प्रश्न बटणावर सुटला, पण तो ज्याच्याकडे विहीर होती त्याचाच. पावसाळी परस तेवढं टिकलं, कारण त्याला घरात एक म्हातारी पुरते. शिवाय चाकरमानी गणपतीला गावी येतो तेव्हाच ते नेमकं भरात असतं.

१९७२ साली दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आजचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. आंब्याच्या ‘रत्ना’ (१९८१) आणि जवळजवळ बिनकोयीच्या ‘सिंधू’ (१९९२) या वाणांचा बोलबाला झाला. पण मागल्या दारापर्यंत पोचली ती साधी नावं: पडवळाचा ‘कोकण श्वेता’, कारल्याचा ‘कोकण तारा’, दोडक्याचा ‘कोकण हरिता’, अळवाचा ‘कोकण हरितपर्णी’. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं माडाखाली जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस घेण्याचं गणित मांडलं आणि त्याला ‘लाखी बाग’ म्हणून प्रसिद्धी मिळाली. जुन्या आगराचे मजले तेच. पण आता दर माडाला वर्षाला युरिया, सुपर फॉस्फेट नि पोटॅश किती घालायचं, याचा किलोतला तक्ता सोबत आला. शेणाची गाय गोठ्यातून गेली होती आणि मासळीला बर्फ व ट्रक मिळाला होता. नासकी मासळीदेखील मासळीच्या कुटीच्या कारखान्याला जाऊ लागली. त्या पोकळीत खताची गोणी आली. तिला नावं ठेवणाऱ्यांनी गाय कोण पाळणार, याचं उत्तरही द्यावं.

१९९०पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनं वरकसावर हापूस आणि काजू चढवले. डोंगर पुन्हा हिरवे झाले खरे. पण नाचणी, वरी, हरीक हटले, आणि भाजी विकत आणायची सवय पक्की झाली. कलमांची राखण परवडते, चार भेंडीच्या झाडांची नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीवरच्या जुन्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. तीन पिढ्यांची पोफळ सकाळी होती, संध्याकाळी नव्हती. त्याच वर्षी राज्याच्या ‘उमेद’ अभियानानं बचत गटांच्या बायकांसाठी पोषण परसबागांची मोहीम काढली. माती, पाणी, पालेभाजी, वेल यांचे आखीव वाफे, सेंद्रिय खताचा आग्रह आणि सोबत छापील माहिती. ज्यांच्या सासवांनी हेच केलं त्यांना ते नव्यानं शिकवलं गेलं, यात थट्टेसारखं काही नाही. मधल्या दोन पिढ्यांत बियाणं राखणंच थांबलं होतं.

आजची खरी अडचण खताची नाही, वानर-माकडांची आहे. नारळाची कोवळी फळं, पपई, केळी, काकडी, शेंगा यातलं काही ती सोडत नाहीत. ओसाड पडलेल्या घरांच्या आवारात त्यांचा मुक्काम असतो आणि राखायला घरात माणूस नसतो. सुरण, कणगर जमिनीखाली असल्यानं माकडाच्या हाती लागत नाहीत, पण त्यांना रानडुक्कर उकरतं. हळदीच्या वाटेला यातलं फारसं कुणी जात नाही. त्यामुळे दापोली-गुहागरच्या बाजूला जिथे काकडीचे मांडव असत, तिथे आता हळदीचे गादीवाफे दिसू लागले आहेत.