खिळा, शिळा आणि सुविचार

शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिला जातो. परिपाठ संपला की मुले त्यावर ओझरती नजर टाकतात आणि वर्गात जातात. आता तर असे सुविचार मोबाईलवर पहाटेपासून येऊ लागतात व तितक्याच वेगाने पुसले जातात. परंतु एक काळ असा होता की, चार शब्दांचे छापील कार्ड करावयाचे तर त्यातील प्रत्येक अक्षर हाताने उचलून बसवावे लागे. त्या हातांचा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

जुन्या छापखान्यात शिसे, कथील व अँटिमनी यांच्या मिश्रणातून ओतलेली सुटी अक्षरे असत. त्यांना खिळे म्हणत. लाकडी खणांच्या पेटीतून, म्हणजे केसमधून, एकेक खिळा वेचून ओळ लावणारा तो जुळारी. समजा, कार्डावर 'श्रमाला पर्याय नाही' एवढेच छापायचे आहे. जुळारी 'श्र', 'म', 'काना' असे करीत हातातल्या स्टिकमध्ये ओळ भरतो, शब्दांमध्ये कोरे तुकडे घालतो. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते; म्हणून तो ओळ डोक्यावर उभी असल्यासारखी वाचतो. मग ती लोखंडी चौकटीत घट्ट आवळून फर्मा तयार होतो. प्रूफ काढून तपासायचे, आणि नंतरच ट्रेडल पायाने चालवून एकेक कार्ड छापायचे. वेलांटी चुकली तर शंभर कार्डांवर ती शंभर वेळा चुकणार! शुद्धलेखनाचा याहून कडक गुरू कोणता?

मराठी अक्षरे खिळ्यात आणणे सोपे नव्हते. काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या कितीतरी वाढते. 1805 साली विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी मिशनच्या छापखान्यातील यंत्र पाहून स्वतः लाकडी यंत्र उभारले आणि 1831 साली मराठी पंचांग छापले. ते खिळ्यांवर नव्हे, तर दगडावर, म्हणजे शिळाछापावर छापलेले होते. पुढे त्यांनी खिळेही तयार केले.

याच मुंबईत 1839 साली जन्मलेले जावजी दादाजी यांची कथा प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. घरची गरिबी, शिक्षण बेताचे. लहान वयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला ते लागले. पगार महिना दोन रुपये. पण त्या मुलाने खिळे घासता घासता अक्षराचे वळण पाहिले. 1864 साली त्यांनी खिळे ओतण्याचा कारखाना काढला व 1869 साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराने त्यांच्यासाठी अक्षरांचे साचे कोरले. बेताचे शिकलेल्या या गृहस्थाच्या छापखान्यातील संस्कृत ग्रंथ पुढे पंडितांनीही प्रमाण मानले.

आता उर्दूकडे वळू. आपल्या अनेक घरांत वाचली जाते ती नस्तालीक लिपी. तिच्यातील अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी रूप बदलते, आणि शब्द उजवीकडून डावीकडे जाताना खाली उतरत येतो. सरळ रेषेत बसणाऱ्या खिळ्यांना ही चाल साधेना. 1800 साली स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजने उर्दू पुस्तके खिळ्यांवर छापून पाहिली; पण वाचकांचे मन रमले कातिबाच्या हस्ताक्षरातच. कातिब खास कागदावर तेलकट शाईने लिही. ते लिखाण दगडावर दाबले की उलटे उमटे, आणि दगडावरून कागदावर पुन्हा सुलटे होई. लखनौ येथे 1858 साली मुन्शी नवल किशोर यांनी काढलेल्या छापखान्याने याच रीतीने असंख्य ग्रंथ घरोघरी पोहोचवले. कातिबाची ही सद्दी थेट 1981 पर्यंत टिकली. त्या वर्षी मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने संगणकावर उर्दू अक्षरजुळणीची वाट मोकळी केली.

1948 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, तर बाजारातली व शेतातली भाषा मराठी. अर्धापूरच्या केळीच्या मळ्यांतून शाळेत येणाऱ्या आपल्या मुलाच्या दप्तरात आजही कित्येकदा दोन्ही लिप्या असतात. काही पालकांना हे ओझे वाटते. वस्तुतः ही दुहेरी मिळकत आहे. एका लिपीमागे जुळाऱ्याची बोटे आहेत, दुसरीमागे कातिबाचा बोरू. दोघांचेही काम एकच, ज्ञान स्वस्त व सर्वांचे करणे.

ऑफसेट आणि संगणक आल्यावर खिळ्यांचे छापखाने मागे पडले. तरीही पावतीपुस्तकांवर क्रमांक टाकण्यासाठी काही ठिकाणी जुने ट्रेडल चालते. असा एखादा मुद्रक आढळल्यास शाळेने एक उपक्रम जरूर करावा. मुलांनी स्वतः रचलेले दहा सुविचार घ्यावेत. पाच मराठीत, खिळे जुळवून छापावेत. पाच उर्दूत, बोरूने लिहावेत. कागद मुलांनीच कापावा, प्रूफ मुलांनीच तपासावे. खिळे मिळाले नाहीत तर रबराच्या तुकड्यावर उलटे अक्षर कोरूनही आरंभ करता येईल.

काम संपल्यावर जुळारी फर्मा सोडतो व प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात ठेवतो. काल लग्नपत्रिकेत असलेला खिळा उद्या प्रश्नपत्रिकेत उभा राहतो. खिळा जागेवर नसेल तर पुढची ओळ अडते. विद्यार्थीमित्रांनो, वाचलेले ज्ञानही असेच नीट लावून ठेवा, म्हणजे वेळेला हाताशी सापडेल. आणि पालकांनो, मुलाच्या हाताला शाई लागली म्हणून रागावू नका. जावजींचे हातही असेच काळे होते.