हिऱ्याचा पराभव

कोलकात्याच्या फुटबॉलचा विषय निघाला की बहुधा १९११ साली मोहन बागानने गोऱ्या पलटणीच्या संघावर मिळविलेल्या अनवाणी विजयाचीच कथा सांगितली जाते. आम्हांला मात्र १३ जुलै १९९७ हा दिवस अधिक विचार करायला लावतो. सॉल्ट लेकच्या मैदानात फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना होता आणि प्रेक्षक सुमारे १,३१,००० होते. मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल म्हणजे एरवी घोटी विरुद्ध बांगाल, कोळंबी विरुद्ध हिलसा. त्या दिवशी मात्र वाद दोन प्रशिक्षकांच्या दृष्टींचा होता.

मोहन बागानचे अमल दत्त हे हाडाचे सिद्धान्तवादी. पाठीमागे मोजकी माणसे ठेवून सतत चढाई करणारी त्यांची ‘डायमंड’ रचना तेव्हा गाजत होती. उपांत्यपूर्व फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सवर तिने सहा गोल चढविले होते. ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी रोम ऑलिंपिकमधील (१९६०) भारताचे कर्णधार. त्यांची भिस्त माणसावर, त्याला चेतविणाऱ्या शब्दांवर. लोक त्यास ‘व्होकल टॉनिक’ म्हणत.

गंमत अशी की, सामन्यापूर्वी शब्दांचा मोह दत्तांनाच आवरला नाही. भायचुंगला त्यांनी ‘चुंगचुंग’ म्हटले, ओमोलोला ‘ऑम्लेट’, आणि सोसोला ‘शोशा’, म्हणजे बंगालीत काकडी! पीकेंना आयते टॉनिक मिळाले. डायमंडने मोकळ्या सोडलेल्या जागेतून ईस्ट बंगालचे आघाडीवीर धावत सुटले. नाझिमुलने खाते उघडले, मोहन बागानकडून चिमाने एक गोल फेडला, पण भायचुंगच्या तीन गोलांनी निकाल ४-१ असा लागला.

आम्ही तेव्हा कॉलेजात पाऊल ठेवत होतो. वर्तमानपत्रातील वृत्तांत वाचला आणि, का कोण जाणे, हरलेल्यांच्या बाजूचे झालो. दत्तांचा उद्दामपणा आजही आम्हांला समर्थनीय वाटत नाही. परंतु त्या एका निकालावरून ‘डायमंड फसला’ असा जो शेरा रूढ झाला, तो अन्यायाचा आहे. फसली ती मोकळ्या जागेची राखण. चढाईची कल्पना नव्हे. शिवाय जिंकलेल्या ईस्ट बंगालला तरी चषक कुठे मिळाला? अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगांवकर संघाने त्यांना २-१ असे हरविले.

दत्त २०१६ साली गेले, पीके २०२० साली. त्या चषकाचा विजेता कोण, हे आज फुटबॉलच्या जाणकारालाही क्षणभर आठवावे लागते. डायमंड म्हटले की मात्र दत्तांचे नाव लगेच निघते.