डोंगराच्या पोटातलं इंधन आणि खालचं पाणी

पोस्ट मोठी आहे, पण विषयच तसा आहे. लष्करी तळ, इंधनाचे साठे आणि पिण्याचं पाणी या तिन्हींवर सरकारची नजर असते, असं आपण धरून चालतो. ती नजर नेमकी कुणाची असते, हे अमेरिकेतल्या एका डोंगराच्या इतिहासातून समजून घेऊ.

ओआहू हे हवाई बेटांपैकी एक. होनोलुलू शहर याच बेटावर, आणि पर्ल हार्बरचा नाविक तळही इथलाच. १९४० साली अमेरिकन नौदलाला एक चिंता लागली होती. जहाजांचं इंधन पर्ल हार्बरच्या काठावर उघड्यावरच्या टाक्यांत साठवलेलं होतं. शत्रूची विमानं आली तर सगळा साठा एका दिवसात पेटेल. मग ठरलं की जवळच्या रेड हिल नावाच्या डोंगराच्या आत टाक्या खोदायच्या. १९४० च्या अखेरीस काम सुरू झालं आणि १९४३ मध्ये संपलं. मधे डिसेंबर १९४१ मध्ये जपानचा हल्ला झालाच. गंमत बघा, ज्या टाक्यांची एवढी भीती होती, त्यांना जपान्यांनी हातही लावला नाही. त्यांचा सगळा रोख जहाजांवर आणि विमानांवर होता.

डोंगरातलं हे काम प्रचंड होतं. एकूण वीस टाक्या. प्रत्येक टाकी सुमारे ७६ मीटर उंच आणि ३० मीटर रुंद, म्हणजे आतमध्ये वीस मजली इमारत सहज उभी राहील. एका टाकीत सुमारे सव्वा कोटी गॅलन इंधन, म्हणजे पावणेपाच कोटी लिटर. टाक्या उंचावर असल्याने इंधन बोगद्यातल्या पाइपांतून आपल्या वजनानेच उतरून बंदरापर्यंत यायचं, पंपाची गरज नाही. हे सगळं इतकं गुप्त होतं की पुढची जवळपास पन्नास वर्षं बाहेरच्यांना त्याची नीट माहिती नव्हती. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने या कामाला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला. अभियांत्रिकी म्हणून तो मान योग्यच होता.

पण टाक्यांच्या तळापासून जेमतेम ३० मीटर खाली भूजलाचा साठा आहे, आणि दक्षिण ओआहूची तहान त्याच पाण्यावर भागते. १९८७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, या साठ्याला ‘पिण्याच्या पाण्याचा एकमेव स्रोत’ असा अधिकृत दर्जा दिला. आता आडातलंच पाणी नासलं तर पोहऱ्यात काय येणार?

बरं, कायदे नव्हते का? होते, आणि भरपूर होते. पण लष्कराच्या दारात आले की कायद्यांचे पाय अडखळायचे. थोडा इतिहास बघू.

१९७० मध्ये हवा प्रदूषणाचा कायदा झाला. केंटकी राज्याने म्हटलं, आमच्या राज्यातले लष्करी तळही इतरांसारखा परवाना घेतील. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७६ मध्ये निकाल लागला की केंद्र सरकारच्या तळांना राज्याच्या परवान्याची सक्ती करता येत नाही. संसदेला हे पटलं नाही आणि १९७७ मध्ये कायदा बदलला. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आदेश काढला की केंद्राच्या सगळ्या आस्थापनांनी प्रदूषणाचे नियम पाळावेत. १९९२ मध्ये पुन्हा तोच खेळ झाला. जुन्या उल्लंघनांसाठी राज्य केंद्राच्या आस्थापनेला दंड करू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि त्याच वर्षी संसदेने घातक कचऱ्यापुरता नवा कायदा करून दंडाची वाट मोकळी केली. म्हणजे वीस-बावीस वर्षं न्यायालय दार लावतंय आणि संसद ते उघडतेय, असं चाललं होतं.

आणखी एक अडचण होती. अमेरिकेच्या न्याय खात्याची जुनी भूमिका अशी की केंद्राचं एक खातं दुसऱ्या खात्याला कोर्टात खेचू शकत नाही, कारण दोन्ही एकाच राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली असतात. त्यामुळे खासगी कंपनीला ईपीए जसं कोर्टात उभं करते, तसं नौदलाला करता येत नाही. एकाच घरातले दोघे भाऊ, भांडण उंबऱ्याच्या आत मिटवायचं.

रेड हिलसाठी तर कायद्यातच सवलत होती. १९८८ मध्ये जमिनीखालच्या इंधन टाक्यांसाठी देशभर कडक नियम आले. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाला गळती शोधणारी यंत्रणा बसवावी लागली. पण जागेवरच बांधलेल्या महाकाय टाक्यांना यातले बरेच नियम लागू करणं पुढे ढकललं गेलं. ही ढकलगाडी २०१५ पर्यंत चालली. म्हणजे छोट्या पंपावर जास्त पहारा आणि पावणेपाच कोटी लिटरच्या टाकीवर कमी.

जानेवारी २०१४ मध्ये पहिला मोठा इशारा मिळाला. दुरुस्ती करून पुन्हा भरायला घेतलेल्या पाच क्रमांकाच्या टाकीतून सुमारे २७ हजार गॅलन, म्हणजे एक लाख लिटर इंधन गळालं. ठेकेदाराचं वेल्डिंग कच्चं होतं. अलार्म वाजले होते, पण कर्मचाऱ्यांनी ते खरे मानले नाहीत. यानंतर २०१५ मध्ये ईपीए, हवाईचं आरोग्य खातं आणि नौदल यांच्यात करार झाला. टाक्या सुधारायला मुदत किती दिली? सुमारे २२ वर्षं!

या करारावर जाहीरपणे नाराज असलेला एक माणूस होता. अर्नेस्ट लाउ, होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाचे मुख्य अभियंता. मंडळ शहराचं, त्यामुळे वॉशिंग्टनमधल्या कुणाच्या हाताखाली नाही. लाउ वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत होते: टाकीला टाकीच्या आत दुसरी भिंत द्या, नाहीतर इंधन इथून हलवा. नौदलाच्याच सल्लागाराने २०१८ मध्ये जोखीम मोजली, तेव्हा एक हजार ते तीस हजार गॅलनची अचानक गळती कुठल्याही एका वर्षात होण्याची शक्यता २७ टक्क्यांहून जास्त निघाली. आकडा कागदावर होता. साठा मात्र जागेवरच राहिला.

आणि मग २०२१ उजाडलं. ६ मे रोजी इंधन एका टाकीतून दुसरीकडे नेताना चूक झाली आणि पाइप फुटला. नौदलाने सांगितलं की जेमतेम सोळाशे गॅलन सांडलं आणि बहुतेक सगळं गोळा केलं. प्रत्यक्षात वीस हजार गॅलनच्या आसपास इंधन आगविरोधी यंत्रणेच्या सांडपाण्याच्या प्लास्टिक पाइपमध्ये जाऊन बसलं होतं. हिशोबात तूट होती, पण ती कुणी धसाला लावली नाही. वजनाने पाइप खाली झुकला. २० नोव्हेंबरला बोगद्यातल्या छोट्या रेल्वेगाडीचा त्याला धक्का लागला आणि सहा महिने अडकून पडलेलं इंधन बाहेर आलं. जवळच नौदलाची स्वतःची विहीर होती. इंधन तिच्यात उतरलं.

त्या विहिरीच्या पाणीपुरवठ्यावर सुमारे ९३ हजार लोक होते, त्यातली बहुतेक सैनिकांची कुटुंबं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतच नळाच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायला लागला. मुलांना उलट्या, अंगावर पुरळ, डोकेदुखी. तळाच्या अधिकाऱ्यांनी आधी धीर दिला की पाण्यात धोक्याचं काही दिसत नाही. मग राज्याच्या आरोग्य खात्याने एका शाळेतलं पाणी तपासलं, तर त्यात पेट्रोलियमचा अंश सापडला. हजारो कुटुंबांना हॉटेलांत हलवावं लागलं. लाउ यांच्या मंडळाने शहराची हलावा इथली मोठी विहीर बंद केली, कारण भूजल एकच. आपण उपसा चालू ठेवला तर तेल आपल्याकडे ओढलं जाईल, ही भीती होती. शहरी होनोलुलूचं साधारण २० टक्के पाणी त्या विहिरीतून येत होतं.

६ डिसेंबरला हवाई राज्याने आदेश काढला: काम थांबवा, टाक्या रिकाम्या करा. संरक्षण खात्याने सुरुवातीला याला आव्हान दिलं, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. पण रस्त्यावर लोक होते, स्थानिक हवाईयन होते, आणि स्वतः सैनिकांच्या बायका-मुलं होती. ‘ओला इ का वाइ’ ही हवाईयन म्हण फलकांवर झळकली. अर्थ, पाणी म्हणजे जीवन. ७ मार्च २०२२ रोजी संरक्षण मंत्री लॉइड ऑस्टिन यांनी रेड हिल कायमचं बंद करण्याची घोषणा केली. ऑक्टोबर २०२३ पासून दहा कोटींहून जास्त गॅलन इंधन काढून नेलं गेलं. कुटुंबांनी भरलेल्या खटल्यात गळतीची जबाबदारी सरकारने मान्य केली. २०२५ मध्ये पहिल्या १७ फिर्यादींना भरपाई मिळाली, मागितली त्यापेक्षा बरीच कमी.

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट पुढे ठेवायची आहे. रेड हिलवर नजर ठेवणाऱ्यांची कमतरता नव्हती. संसदेच्या समित्या होत्या, ईपीए होती, करार होते, अहवाल होते. पण टाकी ज्याची, गळती मोजणाराही तोच होता. इंधनाची तूट पहिल्यांदा त्यालाच दिसणार, आणि ती सांगायची की नाही हेही तोच ठरवणार. शेवटी काम केलं ते त्या उतरंडीबाहेरच्या लोकांनी: राज्याचं आरोग्य खातं, शहराचं पाणी मंडळ आणि नळाचा वास घेणारी माणसं. जो तुमचा वरिष्ठ नाही आणि हाताखालचाही नाही, तोच खरी नजर ठेवू शकतो.

यात देशभक्तीचा प्रश्न आणायचं कारण नाही. दूषित पाणी प्यायलेली पहिली माणसं सैनिकांच्याच घरातली होती.

आपल्याकडे वळायचं तर महाराष्ट्रात सात कॅन्टोन्मेंट आहेत: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी. २००६ च्या कायद्यानुसार कॅन्टोन्मेंट बोर्डाचा अध्यक्ष तिथला लष्करी अधिकारीच असतो. त्यामुळे बाहेरच्या नजरेचं महत्त्व इथेही तेवढंच. ती नजर आपल्याकडे नाहीच असं नाही. संरक्षण खात्याच्या जमिनींच्या कारभारावर कॅगने २०११ मध्ये स्वतंत्र अहवाल दिलाय. आणि माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम ८ मध्ये देशाच्या सुरक्षेची सूट आहे, तशीच त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे: लोकहित जास्त मोठं असेल तर ही माहितीसुद्धा देता येते. सूट सगळ्यांना पाठ असते, ही तरतूद फार थोड्यांना.

तळावर किती रणगाडे आहेत, हे आपण विचारू नये. पण तळाखालच्या आणि शेजारच्या विहिरीतलं पाणी कोण तपासतं, किती दिवसांनी तपासतं आणि त्याचा निकाल कुठे लावला जातो, हे विचारण्यात कसलं गुपित फुटतं? तुमच्या भागात छावणी, डेपो किंवा दारूगोळ्याचा कारखाना असेल तर हा प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारून बघा. काय उत्तर मिळतं ते इथे कमेंटमध्ये लिहा.