फुलांच्या वासाचा चहा आणि आपली कपबशी

चहा आता आपल्या घरात इतका रुळला आहे की, तो परक्या मुलखातून आला हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. पाहुणा दारात आला की आधी पाणी आणि मागोमाग चहाचे आधण. परंतु या चहाचे माहेर दूर चीन देशात आहे. तिथे तो आपल्यासारखा दूधसाखर घालून उकळीत नाहीत. त्या चहाच्या एका जातीविषयी आणि तो आपल्याकडे कसा आला त्याविषयी चार शब्द लिहिते.

माझ्या धाकट्या जावेचा भाऊ मुंबईस नोकरीला आहे. त्याने गेल्या दिवाळीत एक पुडी आणली. आत हिरव्या मण्यांसारख्या घट्ट वळलेल्या गोळ्या होत्या. या चहाला ऊलाँग म्हणतात. चिनी भाषेत त्याचा अर्थ काळा नाग, म्हणजे त्यांचा ड्रॅगन. हिरवा चहा, ऊलाँग आणि आपली काळी पत्ती ही एकाच झाडाची पाने. फरक आहे तो करण्यात. पाने खुडली की उन्हात थोडी सुकवतात, मग बांबूच्या सुपांत घोळवतात. त्याने पानांच्या कडा खरचटून तांबूस होतात आणि मधला भाग हिरवाच राहतो. पान असे अर्धवट मुरले की ते तापवून मुरणे थांबवतात, वळतात आणि वाळवतात. पुरते मुरू दिले तर काळा चहा, मुळीच मुरू दिले नाही तर हिरवा चहा. ऊलाँग या दोहोंच्या मधला.

फूजियान प्रांतातील आन्शी भागातला ऊलाँग फार नावाजलेला आहे. त्याचे नाव तिएग्वानयिन, म्हणजे लोखंडी ग्वानयिन. ग्वानयिन ही चिनी लोकांची करुणेची देवता. दंतकथा अशी सांगतात की, वेई नावाचा एक गरीब शेतकरी तिच्या पडक्या देवळाची रोज झाडलोट करी. देवीने स्वप्नात येऊन त्याला देवळामागची गुहा दाखवली. तिथे त्याला चहाचे एक रोप मिळाले. ते त्याने वाढवले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्याची कलमे दिली.

मला नवल वाटले ते पुढेच. ही ग्वानयिन म्हणजे मूळचा आपल्याकडचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. बौद्ध धर्म चीनला गेला, त्याबरोबर तो गेला आणि पुढे तिथे स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. आपल्याच मराठवाड्यात, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेतलेला पद्मपाणी रंगवलेला आहे, तो हाच. म्हणजे आपल्याकडून देव गेला आणि तिकडून त्याच्या नावाचा चहा आला!

आता करण्याची रीत. पाणी खळखळ उकळून खाली उतरावे व मिनिटभर थांबावे. लहान झाकणाच्या भांड्यात चमचाभर गोळ्या घालून पहिले पाणी लगेच ओतून टाकावे, म्हणजे पाने धुऊन निघतात आणि उमलू लागतात. दुसरे पाणी घालून मिनिटभर झाकावे आणि गाळून घ्यावे. दूध नको, साखर नको. रंग फिकट सोनेरी येतो. वास एखाद्या फुलासारखा. मला तर सोनचाफ्याची आठवण झाली. चव कडू नाही आणि घोट गिळल्यावर घशात गोडवा रेंगाळतो. आपणा गृहिणींना आवडावी अशी गोष्ट म्हणजे तीच पाने पाच-सहा वेळा चालतात. दर वेळी थोडा अधिक वेळ झाकावे, इतकेच.

'चहा' हा आपला शब्दही चिनी 'चा' वरूनच आला. फूजियानच्या आमॉय बंदराकडे चहाला 'ते' म्हणत. तिथून डच व्यापाऱ्यांनी तो शब्द युरोपात नेला आणि त्याचाच इंग्रजीत 'टी' झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आलेला ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री लिहितो की, तिथले वाणी लोक चहा घेत आणि डोकेदुखीवर त्यात मसाले घालत. आपण सर्दीपडशाला आले घालतो, ती रीत काही आजची नव्हे.

पुढची हकीकत मात्र कडू आहे. इंग्रजांना चिनी चहा हवा होता, पण त्यासाठी चांदी मोजणे जड जाई. म्हणून हिंदुस्थानातली अफू चीनला विकली गेली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. त्यातून १८३९ ते १८४२ असे युद्ध झाले. त्याच सुमारास इंग्रजांनी आसामात चहाची लागवड चालवली आणि १८३९ साली आसामचा चहा लंडनच्या लिलावात विकला गेला. आज आपण उकळतो ती दाणेदार पत्ती तिकडचीच देणगी. मळ्यात ती पाने खुडणारे हात बहुतेक बायांचेच असतात, हे आपण विसरू नये.

महाराष्ट्रात तर चहाने मोठे वादळ उठवले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा पुढे आला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक तिथे होते. गोपाळराव जोशी यांनी ती नावे 'पुणेवैभव' पत्रात छापवली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांसारख्यांनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका घोट चहापायी!

याउलट कोल्हापूरचे शाहू महाराज. त्यांनी गंगाराम कांबळे या दलित गृहस्थाला चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले. सवर्ण मंडळी तिकडे फिरकेनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. कायदे पुष्कळ झाले, पण असा एक पेला कित्येक भाषणांहून अधिक बोलतो.

माझ्या आईच्या गावी हॉटेलाबाहेर काही लोकांसाठी वेगळ्या कपबश्या ठेवलेल्या असत, असे ती सांगे. त्या कपबश्या ज्याच्या त्याने आपल्या हाताने विसळायच्या. आपल्या मंडळात सगळ्या जणी एकाच ट्रेमधला कप उचलतो. ही गोष्ट लहान वाटते, पण तिच्यामागे एवढा इतिहास आहे. तेव्हा सभेला ज्या अजून संकोचाने दारातच बसतात, त्यांना यंदा आत बोलावू या आणि पहिला कप त्यांच्या हाती देऊ या. मग तो चिनी असो की आपला आले घातलेला.