घरांतील दफ्तर आणि घरांतील रद्दी

सावित्रीचें पाणी घरांत शिरतांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्या महाडकरांस कागदाची किंमत निराळी सांगावयास नको. ता. २२ जुलै २०२१ रोजीं महाडची बाजारपेठ पाण्याखालीं गेली, तेव्हां माणसें माळ्यावर चढलीं आणि कपाटें खालीं राहिलीं. पाणी ओसरल्यावर आमच्या एका परिचितांच्या कपाटांतून निघाला तो नुसता चिखलाचा लगदा. त्यांत जमिनीचें खरेदीखत होतें, वडिलांचीं पत्रें होतीं. आणि त्यांच्याभोंवतीं कर्ज घ्या म्हणून विनविणारीं पत्रकें, मुदत संपलेल्या नोटिसा, कंपन्यांचे अहवाल व जुन्या लग्नपत्रिका ह्यांचा ढीग होता. आयत्या वेळीं काय उचलावें हें कोणास सुचलें नाहीं. कारण काय कोठें आहे हेंच कोणास ठाऊक नव्हतें. ही अवस्था एकट्या पूरग्रस्ताची नसून घरोघरची आहे, असें आम्हांस वाटतें; आणि तिचा विचार करूं लागतांच ह्या खोऱ्याचा इतिहास आमच्या मदतीस येतो.

ह्याच महाडांत १७९६ सालीं नाना फडणीस येऊन राहिले होते. पुण्याची सत्ता तूर्त हातची गेली होती, पण लेखणी हातांत होती. येथून पत्रें आणि वकील पाठवून त्यांनीं डाव पुन्हां जमविला. निजामाशीं झालेला महाडचा करार त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांतला. त्या काळीं कागद हातानें केलेला, लिहिणें बोरूचें, आणि टपाल कासिदाच्या पायांनीं घाट चढणारें. कामावांचून पत्र धाडणें धाडणारासच परवडत नसे. आलेला कागद वाचला जाई, लावला जाई आणि रुमालांत बांधला जाई. न मागितलेल्या कागदाचा उपद्रव घरास नव्हता, तो ह्याच कारणानें.

पुढें १८५४ सालीं सरकारी तिकिटें निघून अर्ध्या आण्यांत पत्र देशभर जाऊं लागलें, आणि १८७९ सालीं एका पैशाचें कार्ड आलें. मुंबईस गिरणींत राबणाऱ्या मुलाची खुशाली पोलादपुरास आईला कळूं लागली, हा लाभ लहान नव्हे. परंतु टपाल आणि छपाई हीं दोन्ही स्वस्त होतांच एक गोष्ट नकळत उलटली. पाठविणाराचा खर्च नाममात्र राहिला आणि आवरण्याचा भार घेणाराच्या माथीं आला. आज दाराशीं येणारा निम्मा कागद आपल्यासाठीं म्हणून कोणी लिहिलेलाच नसतो.

ह्यांत बिघडलें काय, असें वाचक विचारतील. बिघडतें तें असें कीं, घर कागदानें तुंबलें म्हणजे माणूस एके दिवशीं उबगतो आणि सगळेंच तागडींत घालतो. अशा वेळीं आजोबांचा मोडी रुमालही रद्दीबरोबर जातो. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दफ्तरें धुंडाळलीं आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध केलीं, तीं अशाच घरगुती कागदांच्या बळावर. महाडाहून वरंधा घाट चढून गेलें कीं भोर लागतें. त्या तालुक्यांतील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरीं जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं छापली, आणि शिवजन्माची शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथि उजेडांत आली. एका घरानें एक कागद राखला नसता तर?

उलट उदाहरण पोलादपुरचें. तेथें कवींद्र परमानंदांची समाधि आहे. पण त्यांचें ‘शिवभारत’ सांपडलें तें दूर तंजावरास, आणि तेंही अपुरें. दिवेकरांनीं १९२७ सालीं तें प्रसिद्ध केलें. कवि येथें विसावला आणि काव्य कावेरीकांठीं राहिलें! उरलेले अध्याय लिहिलेच गेले नाहींत, कीं लिहून गहाळ झाले, हें आतां कोण सांगणार?

म्हणून सगळेंच जपावें काय? मुळींच नाहीं. जुनें दफ्तर कामास आलें तें तें लावलेलें होतें म्हणून. नकोसा कागद घरांत न घेणें हेंच हव्या कागदाचें पहिलें संरक्षण होय. वार्षिक अहवाल ई-मेलनें धाडण्याची मुभा केंद्र सरकारनें कंपन्यांस २०११ सालींच दिली आहे. भागधारकानें आपला पत्ता तेवढा कळवावा. कागदी वीजबिल सोडणारास महावितरणनें सवलत देऊं केली आहे. बँकेस व विमा कंपनीस जाहिरातीचीं पत्रें नकोत असें एकदां लेखी कळवावें. तरीही जें येईल तें उंबऱ्यांतच निवडावें. कोरी बाजू हिशेबास ठेवावी, नांव व खातेक्रमांक फाडून काढावे आणि बाकीचें रद्दीवाल्यास द्यावें. मोडी अक्षर दिसलें तर मात्र हात आवरावा आणि जाणत्यास दाखवावें. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून ह्याच कामास वाहिलेलें आहे.

आपल्या पूर्वजांस कागद थोडा मिळे, म्हणून निवड आपोआप होई. आपणांस तो उदंड मिळतो. निवड आपणच केली पाहिजे. सावित्री पुन्हां चढेल तेव्हां घरांतील सर्व महत्त्वाचे कागद एका रुमालांत मावावे आणि तो रुमाल एका हातानें उचलतां यावा. एवढें साधलें तरी नातवंडें आपणांस दुवा देतील.