तक्ता क्रमांक १

औषधाच्या चाचणीवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा. पहिला तक्ता बहुधा ठरलेला असतो: औषध घेणारा गट, न घेणारा गट, दोन्हींचं सरासरी वय, वजन, रक्तातलं ड जीवनसत्त्व, आजाराची वर्षं. वाचणारा त्यावर नजर टाकून निकालाकडे वळतो. ऑकलंड विद्यापीठातले मार्क बॉलंड, अँड्र्यू ग्रे आणि ग्रेग गॅम्बल मात्र याच तक्त्यापाशी थांबले, आणि हाडांच्या विज्ञानातली एक प्रचंड बनावट उघडी पडली.

या तक्त्याचं मूळ शेतात आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १९२०च्या दशकात रोनाल्ड फिशर यांनी आग्रह धरला, की कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे माणसाने ठरवू नये, दैवावर सोडावं. माणसाने निवडलं की पक्षपात शिरतो. १९४८ साली ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या आखणीनुसार क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात १०७ रुग्ण असेच वाटले होते. ५५ जणांना औषध, ५२ जणांना फक्त विश्रांती. दोन्ही गट सुरुवातीला तुल्यबळ होते हे वाचकाला दाखवायची रीत पुढे रुळत गेली.

या रीतीच्या पोटात एक परीक्षाही दडलेली होती. शेंगदाण्याचं पोतं डोळे मिटून दोन ढिगांत ओतलं, तर दोन्हींचं वजन तंतोतंत जुळणार नाही; थोडंफार कमीजास्त होणारच. तक्त्यातल्या एखाद्या फरकाएवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता शून्य ते एक या मापात मोजतात. खऱ्या चाचण्यांत हे आकडे त्या मापावर साधारण सारखे विखुरतात. ते सगळे एकच्या बाजूला दाटले, म्हणजे गट नको तितके सारखे निघाले, तर दैवाऐवजी कुणाचा तरी हात फिरला आहे असं समजावं. इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी २०१२ मध्ये जपानी भूलतज्ज्ञ योशिताका फुजी यांच्या १६८ चाचण्या अशाच तपासल्या.

आता ऑकलंड. तिथल्या या मंडळींचा पिंडच पडताळ्याचा. कॅल्शियमच्या गोळ्यांवर १,४७१ स्त्रियांची चाचणी याच विद्यापीठात इयन रीड यांच्या नेतृत्वाखाली झाली, आणि त्या गोळ्यांनी हृदयविकाराचा धोका वाढत असावा हे २००८ मध्ये बॉलंड आणि सहकाऱ्यांनी स्वतःच जाहीर केलं. आपल्याच चाचणीतली नकोशी गोष्ट झाकून न ठेवणारा माणूस दुसऱ्याचे आकडे तपासायला अधिकारी असतो, असं मी मानतो.

त्यांच्यासमोर आले जपानचे मेंदूविकारतज्ज्ञ योशिहिरो सातो. ते तागावा इथल्या मिताते हॉस्पिटलचे. त्यांचा प्रश्न अस्सल होता. पक्षाघातात लुळ्या पडलेल्या अंगाचं हाड झिजतं, पार्किन्सनचा रुग्ण वारंवार पडतो, आणि मग खुब्याचं हाड मोडतं. उत्तरं मात्र अचाट होती. २००५ मध्ये 'जामा' या अमेरिकी नियतकालिकात त्यांनी पक्षाघाताच्या ६२८ रुग्णांवरची चाचणी छापली. फॉलिक ॲसिड आणि मेकोबालामिन, म्हणजे हातापायाला मुंग्या आल्या की आपल्याकडे सर्रास लिहून देतात तीच गोळी, घेणाऱ्यांत खुबा मोडण्याचं प्रमाण चौपटीने कमी! २००७ मध्ये जर्मनीतल्या काही अभ्यासकांनी सातोंच्या दुसऱ्या चाचण्यांवर शंका घेतली. ते पत्र छापलं गेलं, आणि पुढे वर्षानुवर्षं सामसूम.

ऑकलंडच्या तिघांनी ॲबर्डीनच्या ॲलिसन अव्हेनेल यांच्यासह सातोंच्या ३३ चाचण्यांचे पहिले तक्ते एकत्र मांडले. इतका सारखेपणा योगायोगाने येण्याची शक्यता किती? दशांश चिन्हानंतर ८१ शून्यं, आणि मग ५. हे काम त्यांनी २०१३ मध्ये 'जामा'कडे धाडलं होतं. ते छापून आलं 'न्यूरॉलॉजी'त, २०१६च्या अखेरीस. त्याच वर्षी 'जामा'ने २००५चा निबंध मागे घेतला. सातो जानेवारी २०१७ मध्ये वारले. त्यांचे मागे घेतलेले निबंध आज शंभराहून अधिक आहेत.

पण निबंधाला वंशावळ असते. त्याच्या आधारे आढावे लिहिले जातात, आढाव्यांवरून उपचारांच्या शिफारशी ठरतात. मूळ निबंध मागे घेतला तरी त्याची लेकरं कपाटात तशीच राहतात. अव्हेनेल आणि ऑकलंडच्या गटाने नंतर सातोंच्या मोजक्या चाचण्यांपुरता हाही माग काढला. मला सर्वांत जड वाटतो तो मधला काळ. ज्या वर्षांत संपादक पत्रव्यवहार करत होते, त्या वर्षांत कुणीतरी पक्षाघाताच्या रुग्णाला या आकड्यांच्या भरवशावर गोळी देत असेल.

२०२० मध्ये ग्रे, बॉलंड, अव्हेनेल आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये संशयित निबंध तपासण्याची प्रश्नावली मांडली. लबाडी कुणाची हे ठरेपर्यंत थांबू नका, निबंध विश्वासार्ह आहे का एवढं आधी बघा, हा तिचा गाभा. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एम.डी.चा प्रत्येक विद्यार्थी प्रबंध लिहितो आणि त्यातही हा तक्ता बऱ्याचदा असतो. मार्गदर्शकांनी तो भरायला शिकवतानाच तपासायलाही शिकवावं, एवढी कळकळीची विनंती.