इंजन, धूर आणि वॉलसील

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जुन्या माणसांसमोर इंजन म्हटलं की दोन इंजनं आठवतात. एक शकुंतलेचं. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला येणारी ही गाडी 1994 पर्यंत वाफेवर धावली. दुसरं विहिरीवरचं डिझेल इंजन. मी यंत्राचं जे काही शिकलो ते या दुसऱ्या इंजनापाशी.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आपल्याच जिल्ह्यातल्या, पुसदकडच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. त्या दुष्काळानं विहिरीची किंमत सगळ्यांना कळली. पण आमच्या शिवारात वीज पोचली नव्हती. म्हणून मोट सुटली आणि इंजन आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथले लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती आले. पुढं 1946 साली पुण्यात किर्लोस्करांची ऑइल इंजनाची कंपनी निघाली. बाबांनी कर्ज काढून पाच हॉर्सपॉवरचं इंजन घेतलं, तेव्हा गावातली पोरं ते पाहायला विहिरीवर जमली होती.

इंजन आलं, पण दुरुस्त करणारा तालुक्याला. तो येईस्तोवर गहू वाळायचा. मग एक म्हातारे मिस्त्री शिकवायला लागले. जिनिंगात आयुष्य काढलेला माणूस. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामा म्हणायचे, "आधी धूर पाय लेका. इंजनले काय झालं ते धूरच सांगते." काळा धूर म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी. पांढरा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. निळा म्हणजे ऑइल जळून राह्यलं. पेस्ट लावून वॉल घासायला मी त्यांच्याजवळच शिकलो.

चारचाकीचं हेड न उतरवता सील बदलायची त्यांची एक युक्ती होती. प्लगच्या भोकातून सुताची दोरी आत सोडायची, टोक बाहेर ठेवायचं आणि इंजन हातानं फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरी वॉलला खालून दाबून धरते. मग वरची स्प्रिंग काढली तरी वॉल सिलिंडरात पडत नाही. कापसाच्या मुलखातली दोरी अशीही कामाला यायची.

पुढं गावात फटफट्या आल्या. राजदूत, लुना या टू-स्ट्रोक. त्यांच्यात पेट्रोलसोबतच ऑइल जळायचं, म्हणून धूर निघाला तरी कोणी घाबरत नव्हतं. 1985 साली हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली, ती फोर-स्ट्रोक. तिच्यातून धूर निघाला की समजायचं, काहीतरी बिघडलं.

माझी सीडी हंड्रेड जुनी घेतलेली. 2004 च्या मार्चमध्ये ती रोज सकाळी पहिल्या किकला निळा धूर सोडायला लागली. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "बोअर, पिस्टन, रिंगा, सगळं टाकावं लागते." कापसाचा चुकारा हाती आला नव्हता. पोराची दहावीची परीक्षा चालू होती, सेंटर चौदा किलोमीटर, आणि सकाळच्या एसटीचा भरवसा नव्हता.

मी चार दिवस धूर पाहिला. सकाळी भपकन निघायचा, मग साफ. उतारावर एक्सलेटर सोडून पुन्हा दिला की परत एक भपका. रिंगा गेल्या असत्या तर गाडी लोडवर सारखी धूर सोडत राहिली असती. हे वॉलसीलचं काम होतं. वॉलच्या दांडीवर बसणारी ती इवलीशी रबरी टोपी. उष्णतेनं कडक होते, मग गाडी उभी असताना ऑइल दांडीवरून खाली झिरपतं आणि सकाळी जळतं.

रविवारी पेपर नव्हता. सील आणि गॅस्केट आणून हेड उतरवलं. स्प्रिंग दाबायचं हत्यार नव्हतं. जीआय पाइपाचा बोटभर तुकडा घेतला, त्याला करवतीनं दोन खिडक्या पाडल्या, कानशीनं धार मारली. सुतारभाऊचा शिकंजा आणला. शिकंज्याचं एक टोक वॉलच्या तोंडावर, दुसरं पाइपावर. आवळला की स्प्रिंग दबते आणि खिडकीतून कॉटरचे दोन तुकडे दिसतात. ज्वारीच्या दाण्याएवढे. हरवू नयेत म्हणून सारं काम परातीत, खाली पांढरं फडकं. जुनं सील पकडीनं सावकाश काढलं, दांडीला ऑइल लावून नवं अंगठ्यानं दाबून बसवलं. कॉटर ग्रीसनं चिकटवून परत घातले. हेडच्या पोर्टात रॉकेल ओतून पाहिलं, वॉलमधून ठिपकलं नाही.

चूक पुढं झाली. हेड बसवून चेन चढवेस्तोवर रात्र झाली. कंदिलाच्या उजेडात एक दात चुकला. मामांचा नियम होता, किक मारायच्या आधी चाक हातानं फिरवून पाहायचं. फिरवलं तर मॅग्नेटवरची टी ची खूण जुळली, पण वरच्या चक्राची खूण सरकलेली. तशीच किक मारली असती तर गाडी धड चालली नसती. चूक मोठी असती तर वॉल पिस्टनवर आपटून वाकलाही असता. बायको म्हणाली, "आता झोपा बाप्पा, एसटीनं जाईन पोरगा." पोरगा उशाशी हॉल तिकीट ठेवून झोपला होता. मी परत खोललं.

सकाळी दुसऱ्या किकला गाडी लागली. मागं वळून पाहिलं, धूर नव्हता. पोरगा वेळेत पोचला.

1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-सहाच्या आल्या. पोराच्या गाडीत काही बिघडलं की दिवा लागतो आणि ती शोरूमला जाते. तिच्यात मी हात घालत नाही. पण गावात जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. कोणी म्हणालं, "काका, इंजन बांधायला सांगितलं," की मी आधी विचारतो, धूर कधी निघते? पहिल्या किकलेच, की सारा दिवस? बऱ्याच वेळा खर्च तिथंच वाचतो. पाइपाचा तो तुकडा गोठ्यात खिळ्याला टांगला आहे. ज्याला लागेल त्यानं न्यावा, काम झाल्यावर परत आणून टांगावा.